लगद्याच्या दोन वाटा

दिवाळीत घरात आलेला मिठाईचा खोका रिकामा झाला की त्याचे झाकण उलटे करून पाहावे. बाहेरून पांढरेशुभ्र, गुळगुळीत, त्यावर सोनेरी समया आणि रांगोळ्या. आतून मात्र करडा, खरखरीत पुठ्ठा. कुठे निळा ठिपका, कुठे लाल तंतू, आणि नशीब असेल तर एखाद्या अक्षराचा तुटका काना. छपाईच्या धंद्यात या पुठ्ठ्याला ‘ग्रे बॅक डुप्लेक्स’ म्हणतात. त्याची करडी पाठ रद्दीच्या लगद्याची असते. काजूकतली आणि ही पाठ यांच्यामध्ये असतो तो बटरपेपरचा किंवा पातळ प्लास्टिकचा एक तुकडा. काही दुकानांत तोही नसतो.

रद्दीपासून अन्नासाठी खोके, वाट्या, थाळ्या करायच्या आणि वापरून झाल्यावर त्या मातीत जिरवायच्या, ही कल्पना सध्या फार बोलली जाते. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आणली, आणि त्यानंतर तर या कल्पनेला धंद्याचे रूप आले. तिच्याविषयी वाचताना दर वेळी असे वाटते की ती कालपरवाच कुणाला तरी सुचली आहे. मी कागदाच्या इतिहासाच्या नादी लागलो त्याला वीसेक वर्षे झाली. शिक्षण वाणिज्य शाखेचे; रसायनशास्त्र आले ते वाचून आणि जाणकारांना विचारून. या नादात जे हाती लागले त्यावरून माझे मत असे झाले आहे की ही कल्पना शंभर वर्षांची तरी जुनी आहे, तिच्या पोटातला अवघड प्रश्न अडीचशे वर्षांचा आहे, आणि या काळात कागदाचा लगदा अन्नाकडे दोन वेगळ्या वाटांनी गेला. एक वाट थाळीची, दुसरी अंड्याच्या ट्रेची. या दोन वाटा फारशा एकत्र आल्या नाहीत. त्याला कारण होते, आणि ते कारण आज बाजाराच्या घाईत बाजूला पडते आहे.

अवघड प्रश्नापासूनच सुरुवात करतो. तो प्रश्न शाईचा.

१७७४ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे युस्टुस क्लाप्रोथ नावाच्या गृहस्थांनी एक छोटी पुस्तिका काढली. क्लाप्रोथ कागदवाले नव्हते, कायद्याचे जाणकार होते. पुस्तिकेचा विषय होता छापील कागदापासून पुन्हा नवा कागद करणे आणि छपाईची शाई त्यातून पुरती धुऊन काढणे. पुस्तिका अशाच पुन्हा केलेल्या कागदावर छापलेली होती. हे मला फार आवडते; लेखकाने आपला पुरावा वाचकाच्या हातातच ठेवला. त्या काळी युरोपात कागद तागाच्या जुन्या चिंध्यांपासून होई. वाचणारे वाढत होते, पुस्तके वाढत होती, चिंध्या मात्र माणसे जितके कपडे फाडतील तितक्याच. लाकडाच्या लगद्याचा कागद यायला अजून सत्तर वर्षे होती. तेव्हा आधी छापलेलाच कागद पुन्हा का वापरू नये, असा तो सरळ विचार होता. शाई सोडवायला क्लाप्रोथ यांनी टर्पेंटाइन आणि लोकर धुण्याची चिकणमाती वापरली. ही माती म्हणजे आपली मुलतानी माती, किंवा तिची सख्खी बहीण.

त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी लंडनमध्ये माथिआस कूप्स या उद्योजकाने याच कामाचे पेटंट घेतले. १८०० सालचे हे पेटंट छापील आणि लिहिलेल्या कागदातून शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याचे होते. बर्मंडसी भागातल्या नेकिंजर गिरणीत त्याने तसा कागद प्रत्यक्ष केलाही. कूप्सने लेखनसाहित्याच्या इतिहासावर एक पुस्तक लिहून राजाला अर्पण केले, ते गव्हाच्या काडाच्या कागदावर छापले आणि पुढच्या आवृत्तीत रद्दीपासून केलेला कागदही वापरला. नंतर त्याने आणखी मोठी गिरणी काढली आणि ती दोन-चार वर्षांत कर्जात बुडाली. यंत्रसामग्री लिलावात गेली. रद्दीच्या धंद्यात मोठी स्वप्ने पाहणाऱ्यांपैकी हा पहिला बुडालेला माणूस असावा. शेवटचा नक्कीच नव्हे.

क्लाप्रोथ आणि कूप्स या दोघांनाही पांढरा कागद हवा होता. शाई डोळ्यांना दिसू नये, एवढीच त्यांची शाईकडून अपेक्षा. अन्नाच्या बाजूने प्रश्न उलटा येतो. शाई दिसते का हे तिथे फार महत्त्वाचे नसते. ती आहे का, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने, आणि मला वाटते बऱ्यापैकी शहाणपणाने, सुटला होता. वऱ्हाडात माझ्या आजोळी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या असत. जुन्या वह्या, वर्तमानपत्रे, गतवर्षीचे पंचांग असे सगळे फाडून मोठ्या घंगाळात भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचे. पाण्यावर शाईचा निळसर-काळा तवंग यायचा, तो ओतून द्यायचा. पाच-सहा दिवसांनी कागद गळला की तो उखळात कुटायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी आणि घरात असली तर मुलतानी माती मिसळायची. मग एखादी घागर किंवा टोपली पालथी घालून तिच्यावर हा लगदा बोटभर जाडीने थापायचा आणि उन्हात ठेवायचा. सुकल्यावर साचा आतून सोडवून घ्यायचा, वरून गेरूचा किंवा खडूचा हात द्यायचा. मेथीचा चिकटपणा तर कामी येईच, पण तिच्या कडूपणाने कीड लागत नाही असेही बायका म्हणत. या टोपल्यांत पापड, कुरडया, वाळवलेल्या शेंगा, कधी डाळी राहत. जे ओले, तेलकट किंवा गरम ते त्यात कधी जात नसे. पापडसुद्धा धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून मग टोपलीत. मला तेव्हा ते फडके टोपलीची शोभा वाटे. कागद आणि अन्न यांच्यामधला पडदा म्हणून त्या फडक्याकडे मी फार उशिरा पाहू लागलो. आजी शाईबद्दल काही म्हणाली नाही. पण लिहिलेल्या कागदाला अन्न टेकू द्यायचे नाही हा कटाक्ष होता, आणि तो केवळ सरस्वतीच्या मानापोटी होता की वासाच्या अनुभवातून आला होता, हे विचारायला आता कुणी नाही.

आता थाळीच्या वाटेकडे येऊ.

ही वाट अमेरिकेत सुरू झाली आणि तिची सुरुवात आपल्या पत्रावळीसारखीच आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात लेम्पस्टर हे गाव. तिथे लाकडाचे पातळ पापुद्रे काढण्याच्या कारखान्यात मार्टिन कीज नावाचा माणूस काम करी. दुपारच्या सुट्टीत कामगार लाकडाच्या टाकाऊ पापुद्र्यांवर आपले जेवण वाढून घेतात, हे त्याने पाहिले. जेवले की पापुद्रा फेकून मोकळे. इथून त्याच्या डोक्यात फेकून द्यायच्या थाळीची कल्पना आली. पळसाची पाने काड्यांनी टाचणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटले नसते. पण कीजने पुढे जे केले ते नवे होते. पापुद्रा वाकवून खोलगट करण्याऐवजी त्याने लाकडाच्या लगद्यालाच थाळीचा आकार देणारे यंत्र तयार केले. यंत्राची कल्पना दुसऱ्याने चोरली, कोर्टकचेरी झाली, कीज जिंकला. १९०३ मध्ये मेन राज्यातील शॉमट येथे कीज फायबर कंपनी निघाली आणि पाच वर्षांनी ती जवळच्या वॉटरव्हिल गावात गेली. पहिला माल होता पाय या पदार्थाच्या थाळ्यांचा, म्हणजे भट्टीवाल्यांसाठीचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कीजचा लगदा ताजा होता. लाकूड दळून केलेला, कशावरही न छापलेला, न लिहिलेला. कारखाना लाकूड दळणाऱ्या गिरणीच्या शेजारी काढण्याचे कारणही तेच. लगदा ओलाच मिळे. त्या काळी अमेरिकेत वर्तमानपत्रांची रद्दी मुबलक होती आणि स्वस्तही. तरी थाळीसाठी ती चालली नाही. कारण पांढरेपणा असेल, वास असेल, गिऱ्हाइकाची किळस असेल. पण ज्या वस्तूवर ओले, गोड, गरम अन्न थेट वाढायचे, ती नव्या तंतूंची असावी, हा दंडक या वाटेवर पहिल्या पावलापासून पडला.

दुसरी वाट अंड्याची. तिचा नायक, योगायोग असा, की वर्तमानपत्राचा संपादक होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात स्मिदर्स परिसरात ‘इंटिरिअर न्यूज’ हे पत्र चालवणारे जोसेफ कॉयल. गावातल्या हॉटेलवाल्याकडे शेतकऱ्याकडून येणारी अंडी दर वेळी फुटलेली निघत आणि त्यावरून दोघांची भांडणे होत. कॉयल यांनी हे ऐकले आणि १९११ साली प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खोबणी असलेला कागदी डबा तयार केला, असे सांगितले जाते. तो घड्यांचा कागदी डबा होता, लगद्याचा नव्हे. लगद्याचा साचेबंद डबा नंतर आला. मॅसॅच्युसेट्समधील फ्रान्सिस शर्मन यांचे त्याबद्दलचे पेटंट १९३१ चे आहे. युरोपात डेन्मार्कच्या हार्टमन बंधूंनी १९१७ मध्ये कारखाना काढला तो कागदी पिशव्यांचा, आणि पुढे तो लगद्याच्या अंडीपात्रांकडे वळला. डेन्मार्कमधून अंडी बोटींनी इंग्लंडला जात. समुद्रातून जाणारे अंडे फुटले की नुसते एक अंडे जात नाही, खालची सगळी बरबटतात. तेव्हा तिथे या पात्रांना किती भाव आला असेल ते सांगायला नको.

अंड्याच्या वाटेवर रद्दी चालली. नुसती चालली नाही, तीच उत्तम ठरली. त्याचे कारण समजून घ्यायला ट्रे कसा होतो ते पाहावे लागते. मी तो पाहिला आपल्याकडच्याच एका लहान कारखान्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. हौदात फिरत्या पात्यांखाली रद्दी आणि पाणी. वर्तमानपत्रे, फाटके खोके, शाळांच्या उत्तरपत्रिका. मालकांनी सांगितले की नुसते वर्तमानपत्र घेतले तर ट्रे मऊ पडतो. खोक्यांचे लांब तंतू थोडे तरी हवेत. दर वेळी भिजताना-कुटताना तंतू तुटून आखूड होत जातात, आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांच्यात पकड उरत नाही. हौदातली कांजी इतकी पातळ असते की तिला लगदा म्हणवत नाही. शंभर भागांत एक-दोन भाग कागद, बाकी पाणी. या कांजीत तारेच्या जाळीचा साचा बुडतो, मागून हवा खेचली जाते, पाणी जाळीतून निघून जाते आणि तंतू जाळीवर बसतात. क्षणभरात तीस खळगे तयार. मग उलट बाजूने हवेचा झोत, आणि ओला ट्रे सुटून पुढच्या साच्यावर. डिंक नाही, खळ नाही. पाणी उडाले की तंतू आपापसांतच घट्ट धरतात. या कारखान्यात ट्रे अंगणात उन्हाला लावले होते, पाचाच्या सहा ओळी, पाचाच्या सहा ओळी, नजर पोहोचेल तिथपर्यंत. पावसाळ्यात लाकडाची भट्टी.

शाई काढण्याची सोय इथे नव्हती. ती असत नाहीच. मोठ्या कागद गिरण्यांत रद्दीच्या कांजीत साबण घालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेस खरवडून काढतात. खनिजांच्या शुद्धीकरणातून उचललेली ही युक्ती. ट्रेवाल्याला तिची गरज पडत नाही, कारण त्याचा माल ज्या अन्नाला टेकतो त्या अन्नाने स्वतःचे कवच घरूनच आणलेले असते. सफरचंदाच्या पेटीतले जांभळे खळगेदार ट्रे याच वंशातले. तिथे कवच नाही, पण साल आहे आणि ते फळ धुऊन खायचे असते. रद्दीचा खरखरीतपणा धक्का सोसतो, ओल शोषतो. शाई राहिली तर राहिली. म्हणूनच ट्रे करडा असतो आणि म्हणूनच त्यात कधीकधी बातमीचा एखादा तुकडा वाचता येतो.

महाराष्ट्रात हा ट्रे घरोघरी माहीत झाला तो कोंबडीपालनाचा धंदा वाढला तेव्हा. १९८२ मध्ये बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तिचे मुख्यालय पुण्यात. त्याआधी बाजारात अंडी पेंढा घातलेल्या टोपल्यांतून येत. ट्रेने मोजणी सोपी केली, फूट कमी केली, आणि आणखी एक काम केले ज्याची चर्चा कमी होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लूची साथ उघडकीला आली, भारतातली पहिली. अशा साथीत पक्षी आणि अंडी मारून-पुरून भागत नाही; त्यांच्या सहवासातले खाद्य, ट्रे, भुसा हेही नष्ट करावे लागते. प्लास्टिकचा ट्रे धुवावा लागतो, आणि तो किती धुतला हे कुणी पाहत नाही. कागदाचा ट्रे पुरता येतो, जाळता येतो. जिरून जाण्याचा गुण इथे खऱ्या अर्थाने उपयोगाचा आहे.

तर थाळी नव्या तंतूंची आणि ट्रे रद्दीचा. या वाटण्यात आपल्याकडचा एक मोठा अपवाद होता, तो म्हणजे पुडी. तिथे लगदा करण्याचीही वाट न पाहता छापील कागद सरळ अन्नाला लागे. वाण्याच्या दुकानात वरून लोंबणारा दोऱ्याचा गुंडा आणि बोटांच्या दोन हालचालींत वळलेली साखरेची पुडी ही कारागिरीच होती. किती घरांत दुपारी बायका गव्हाच्या पिठाची खळ करून रद्दीच्या पिशव्या चिकटवत आणि शेकड्यावर पैसे घेत. त्यावर मुलांच्या फिया गेल्या आहेत, हे मी पाहिलेले आहे. भेळ कागदाच्या कोनात, वडापाव कागदात, भजी कागदावर. इंग्लंडातही तळलेला मासा आणि बटाट्याचे काप वर्तमानपत्रात गुंडाळण्याची रीत १९८० च्या दशकापर्यंत होती. रद्दीवाला इंग्रजी वर्तमानपत्राला मराठीपेक्षा किलोमागे थोडा जास्त भाव देतो, यात भाषेचा अपमान पाहू नये. इंग्रजी पत्रांचा कागद अधिक पांढरा आणि पाने अधिक, एवढाच अर्थ.

वर्तमानपत्र वाचल्यावर बोटे काळी होतात, ती का? शाई वाळलेली नसते म्हणून. पुस्तकाची शाई उष्णतेने किंवा हवेने घट्ट होते. वर्तमानपत्राची नेहमीची शाई काजळी आणि खनिज तेल यांची असते, आणि ती वाळत नाही. तेल कागदात मुरते एवढेच. भजी ठेवली की दोन तेले एकमेकांना भेटतात. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ साली याबद्दल इशारा दिला, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न साठवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये असे लिहिले, ते १ जुलै २०१९ पासून लागू झाले, आणि २०२३ मध्ये पुन्हा आठवण करून द्यावी लागली. दिवाळीत चकल्या तळून कुठे निथळत ठेवल्या जातात, हे वाचकांनी आपल्या स्वयंपाकघरात पाहून घ्यावे.

पुडी वाईट, पण लगदा होऊन पुन्हा जन्मलेला पुठ्ठा तरी निर्दोष असेल, असे बराच काळ मानले गेले. हा समज मोडण्यात स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या सरकारी अन्न प्रयोगशाळेतले रसायनज्ञ कोनी ग्रोब यांचा वाटा मोठा आहे. त्यांची सुरुवात रद्दीपासून झाली नव्हती, आणि तिचा धागा आपल्या बाजूला येतो. १९९१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेझलनट आणि चॉकलेट यांत खनिज तेल सापडल्याचे दाखवले. ते आले होते तागाच्या आणि घायपाताच्या पोत्यांतून. ताग कातण्याआधी मऊ पडावा म्हणून गिरणीत त्याला खनिज तेल लावत. बंगालच्या पोत्यांवर जगाचे धान्य, कोको, कॉफी फिरत असे. पुढे आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने अन्नाच्या पोत्यांसाठी निकष ठरवले आणि त्या पोत्यांसाठी वनस्पती तेल आले.

त्यानंतर सुमारे २००९-१० मध्ये याच प्रयोगशाळेतून रद्दीच्या पुठ्ठ्याबद्दलचे निष्कर्ष बाहेर पडले. तांदूळ, शेवया, मक्याचे पोहे असे कोरडे पदार्थ पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले की पुठ्ठ्यातले खनिज तेल अन्नात जाते. स्पर्श व्हावा लागत नाही. तेलाचा हलका भाग घरातल्या तापमानालाच हळूहळू उडतो आणि खोक्यातल्या कोरड्या अन्नावर जाऊन बसतो. आत कागदाची पिशवी असली तरी अडत नाही. साधी पॉलिथिनची असली तरी फार काळ अडत नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा पॉलिएस्टरचा पडदा मात्र अडवतो. हे तेल मुख्यतः आले होते वर्तमानपत्रांच्या शाईतून. म्हणजे साबण, बुडबुडे, धुणे या सगळ्यातून शाईचा काळा रंग बऱ्यापैकी गेला, तेल उरले. २०१२ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या तेलांबाबत सविस्तर मत दिले. त्यातला एक भाग शरीरात साठून राहतो आणि दुसऱ्या भागात कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगे असू शकतात, असे त्यात आहे. इंग्लंडमध्ये न्याहारीच्या पदार्थांच्या उत्पादकांनी आपले खोके बदलायला घेतले. क्लाप्रोथ यांचे धुणे अडीचशे वर्षांनंतरही पुरे झालेले नाही, ते असे.

यावरून कुणी म्हणेल की मग थाळीची वाट धरावी, नव्या तंतूंची. ती वाटही निष्कलंक नाही. लगद्याची थाळी तेल आणि पाणी पिते. ते पिऊ नये म्हणून आधी मेण आले, मग फ्लोरिनची संयुगे आली. उसाच्या चिपाडाच्या किंवा लाकडाच्या लगद्याच्या वाटीत रस्सा गळत नाही, त्यामागे कित्येक वेळा ही संयुगे असत. वाटी मातीत कुजते, हे संयुग कुजत नाही. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांना बंदी केली; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की तेलरोधक म्हणून ती वापरलेली वेष्टने आता तिथे अन्नासाठी विकली जात नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत येणारा चंदेरी द्रोण तर याहून सोपा आहे. खाली रद्दीचा पुठ्ठा, वर चमकत्या प्लास्टिकचा पापुद्रा. तो कागद म्हणून विकला जातो आणि दोन्हींपैकी एकही धड होत नाही. गाईने खाल्ला तर तिलाही पचत नाही, रद्दीवाला घेत नाही. पळसाची पत्रावळ मागे पडून हा आला, याचे मला वाईट वाटते, आणि त्यात जुन्याच्या आठवणीने हळवे होण्याचा भाग फार नाही.

गेल्या दोन वर्षांत मला चार-पाच तरुणांनी रद्दीपासून जेवणाच्या थाळ्या करण्याचे यंत्र घ्यायचे म्हणून विचारले. कर्ज काढायला निघालेली मुले आहेत. त्यांना उडवून लावता येत नाही. त्यांना मी ट्रेवाल्या मालकांकडे पाठवतो. त्या मालकांनाही अशा थाळ्यांबद्दल विचारणा येते. ते ट्रे, फळांचे खळगे, काचसामानाचे कोपरे, रोपांच्या कुंड्या करतात. थाळीसाठी साचा बदलायला त्यांना फार खर्च नाही. पण ते करत नाहीत. कारण विचारले तर हौदाकडे बोट दाखवतात. त्या दिवशी हौदात कुठल्याशा कारखान्याची जुनी बिले फिरत होती, खाली जांभळी कार्बन-प्रत, वर रबरी शिक्का.

शाई हौदात धुण्यापेक्षा छापखान्यातच बदलावी, असा विचार करणारेही झाले. अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईने वर्तमानपत्रवाल्यांना खनिज तेलाला पर्याय शोधायला लावले, आणि १९८७ मध्ये आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्सच्या ‘द गॅझेट’ या पत्राने सोयाबीनच्या तेलाच्या शाईने छपाई करून पाहिली. आयोवा हा सोयाबीनचा मुलूख. तेव्हा त्यात शेतकऱ्यांचाही स्वार्थ होता, आणि असा स्वार्थ चांगलाच. रंगीत शाईत हे तेल लवकर रुळले. काळी शाई मात्र खनिज तेलाचीच स्वस्त पडते, आणि वर्तमानपत्रात सर्वांत जास्त जाते ती काळीच. फ्रान्सने २०२० मध्ये कचऱ्याविरुद्ध जो कायदा केला त्यात वेष्टनांवरील आणि लोकांसाठीच्या छपाईतील खनिज तेलांवर टप्प्याटप्प्याने बंदी ठेवली आहे. रद्दी अन्नापर्यंत जाणार असेल तर बातमी छापतानाच तिचा विचार करायला हवा, असे त्या कायद्याचे म्हणणे.

हे वाचल्यावर मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका छापखान्यात गेलो. यंत्राशेजारी काळ्या शाईचे डबे होते. त्यावर वजन होते, तुकडी क्रमांक होता, ज्वालाग्राही असल्याची खूण होती. तेल कोणते, हे कुठेच नव्हते. यंत्रावरच्या माणसाला विचारले तर तो म्हणाला, “साहेब, आजवर हे कुणी विचारलं नाही,” आणि पुरवठादाराचा नंबर देऊन तो कामाला लागला. पुरवठादारानेही उत्तर दिले ते फक्त भावाचे.